दिवसभर कडक डाएट आणि संध्याकाळी खा खा: दर वेळी इथेच गाडं अडत असेल तर

प्रॉब्लेम सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. सोमवारी जोरात सुरुवात होते, साखर बंद, भात बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत, बुधवारपर्यंत सगळं मस्त चालतं आणि गुरुवारी-शुक्रवारी संध्याकाळी अशी काही खा खा सुटते की चिवड्याचा डबा उघडला की तळ दिसेपर्यंत हात थांबत नाही. मग "जाऊ दे, आता सोमवारपासून". आमच्या सोसायटीत सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे, तिथे हे गाऱ्हाणं मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय आणि शेवटचं वाक्य प्रत्येकीचं तेच, "माझ्यात विलपॉवरच नाही गं." मला हे अजिबात पटत नाही. जी बाई पहाटे साडेपाचला उठून तीन डबे भरते आणि धावतपळत लोकल पकडते, वर्षानुवर्षं, तिच्यात विलपॉवर नाही असं कसं म्हणायचं? गडबड बहुतेक वेळा दुसरीकडेच असते आणि ती शोधली की सापडते, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी वेळ बघा

तीन-चार दिवस खाण्यात काहीही बदल करू नका. फक्त खा खा कधी सुटली ती वेळ, आणि त्याच्याआधी शेवटचं काय खाल्लं होतं आणि किती वाजता, एवढंच मोबाईलमध्ये टाइप करून ठेवा. कॅलरी मोजायच्या नाहीत, अ‍ॅप डाउनलोड करायचं नाही, स्वतःला नावं ठेवायची नाहीत. कारण संध्याकाळी पाच ते आठची खा खा वेगळी, रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोरची वेगळी आणि एक लाडू खाल्ल्यावर सुटलेली तर अगदीच वेगळी, आणि तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. "गोड खावंसं वाटलं तर पाणी प्या" हा एकच सल्ला सगळीकडे देतात, पण ज्या बाईला दुपारी धड जेवणच मिळालेलं नाही तिने पाणी पिऊन काय होणार?

पाच ते आठ: ही बहुतेक वेळा खरीखुरी भूक असते

आमच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, बँकेत नोकरी, वजन ६८ किलो. त्यांनी लिहिलेला एक दिवस त्यांना विचारून इथे देतेय. सकाळी सातला बिनसाखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटं. साडेदहाला सफरचंद. सव्वाला डबा, त्यात एक फुलका, दुधीची कमी तेलातली भाजी आणि काकडी. चारला परत चहा. संध्याकाळी साडेसहाला घरात पाऊल टाकलं तेव्हा पोटात दिवसभराच्या मिळून चारशे कॅलरीसुद्धा गेलेल्या नव्हत्या आणि प्रोटीन म्हणाल तर जेमतेम आठ-दहा ग्रॅम. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या हिशोबाने धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे या ताईंना रोज ५५ ग्रॅमच्या वर. आता पुढचं बघा. घरी आल्या, पर्स ठेवली, मुलासाठी पोहे करायला कांदा चिरायला घेतला आणि एका हाताने ओट्याच्या वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढला. कांदा परतेपर्यंत एक मूठ, हळद टाकताना दुसरी, पोहे वाफेवर ठेवले तेव्हा तिसरी, मग मुलाने ताटलीत टाकलेले दोन घास. सगळं उभ्याउभ्या. बसून, ताटात घेऊन असं काहीच खाल्लं नाही त्यामुळे "मी संध्याकाळी काहीच खात नाही" असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं, आणि मूठभर तळलेल्या चिवड्याच्या दीडशेच्या आसपास कॅलरी होतात, म्हणजे तीन मुठीतच साडेचारशे झाल्या.

याला मोह म्हणू नका, ही उधारी आहे. दिवसभर शरीराला जे दिलं नाही ते ते संध्याकाळी वसूल करतं, आणि करतं तेही तळलेलं आणि गोड, कारण त्यातून लवकरात लवकर भरपाई होते.

हे किती खोलवरचं आहे याचा एक जुना पुरावा आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तंदुरुस्त तरुणांना, जे स्वतःहून तयार झाले होते, सहा महिने अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण १६०० कॅलरी. महायुद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं हे त्यांना शोधायचं होतं. ती मुलं मनाने कच्ची नव्हती, पण थोड्याच आठवड्यांत त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, रेसिपी उतरवून काढायचे, ताट चाटून पुसून ठेवायचे. बाकी सगळ्यातला रस गेला. ते पुरुष होते, उंचेपुरे होते, रोज भरपूर चालत होते हे धरूनसुद्धा विचार करा की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ८००-१००० कॅलरीच्या चार्टवर असलेल्या बाईला रात्रंदिवस रेसिपीचे रील्स का बघावेसे वाटतात.

म्हणून पाच ते आठवाल्यांचा उपाय दुपारी आहे, संध्याकाळी नाही. त्या ताईंनी काय बदललं ते सांगते. सकाळी बिस्किटांच्या जागी मुगाची दोन धिरडी (मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी मिरची-आलं टाकून मिक्सरमधून काढायचे, दहा मिनिटांचं काम). डब्यात दोन फुलके, वाटीभर मटकीची उसळ, भाजी आणि वेगळ्या डबीत दही. साडेचारला, म्हणजे भूक लागायच्या *आधी*, मूठभर फुटाणे आणि ताक. अंडं खाणाऱ्यांनी एक-दोन उकडलेली अंडी ठेवली तरी चालतात, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं. एवढ्यात घरी पोचेपर्यंत प्रोटीन पस्तीसच्या आसपास जातं आणि कॅलरी आठ-नऊशे, रात्री हलकं जेवण केलं तरी दिवस आटोपशीर राहतो. पहिले काही दिवस त्यांना फार भीती वाटली की एवढं खाल्लं तर वजन वाढेल, ही भीती सगळ्यांनाच वाटते, पण थोडा धीर धरा, कारण दिवसा वाढलेल्या चार-पाचशे कॅलरी संध्याकाळच्या उभ्याउभ्या खाण्यातल्या तेवढ्याच कॅलरींना अडवतात.

आणि चिवड्याचा डबा. फेकू नका, घरात इतर माणसं आहेत, त्यांना हवा असतो. पण तो ओट्याच्या वरच्या फळीवरून उचलून माळ्यावर किंवा आतल्या खोलीतल्या कपाटात जाऊ दे, आणि काचेच्या बरणीतून स्टीलच्या डब्यात. समोर दिसलं की हात जातो, स्टूल घेऊन चढायला लागलं तर निम्म्या वेळा जात नाही. हाताशी फुटाण्याची बरणी ठेवा. दुसरा नियम असा की खायचं ते ताटलीत घेऊन आणि बसूनच. चिवडा खायचाय ना, खा, पण वाटीत काढा, डबा बंद करून जागेवर ठेवा आणि खुर्चीत बसा. नुसत्या या नियमाने बऱ्याच जणींचा प्रॉब्लेम अर्धा झालेला मी बघितलाय.

मुलांच्या ताटातलं उरलेलं हा आणखी एक चोरदरवाजा. आपल्याकडे अन्न टाकवत नाही आणि टाकूही नये, पण त्यासाठी आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं ठेवायची जागा नव्हे. मुलांना पहिल्यांदा थोडंच वाढा, हवं तर परत घेतील, आणि उरलं तर छोट्या डबीत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी फोडणीची पोळी होते.

रात्री दहानंतर

जेवण व्यवस्थित झालंय, पोट भरलंय, तरी तोंड चाळवतं. इथे भुकेचा संबंध कमी, झोप आणि सवय यांचा जास्त. शिकागो विद्यापीठातला २००४ चा एक छोटा अभ्यास आहे, १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दहा तास झोपायला दिलं. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर गेलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली आलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. म्हणजे रात्री एकपर्यंत मोबाईल बघत बसलात की दुसऱ्या दिवशीची खा खा तुम्ही आदल्या रात्रीच बुक केलीत. ज्यांची नाइट शिफ्ट आहे किंवा तान्हं बाळ आहे त्यांना हे सांगून उपयोग नाही हे मला कळतं, त्यांनी निदान त्या दिवसांत स्वतःकडून कमी अपेक्षा ठेवाव्यात आणि दुपारी डुलकी मिळाली तर घ्यावी.

बाकीच्यांनी साडेनऊला ओटा पुसला की किचनचा लाइट बंद, दात घासून टाकायचे, बडीशेप खायची तर त्याच्याआधी. दात घासल्यावर फरसाण तोंडात टाकावंसं वाटत नाही, करून बघा. आणि सिरियल बघताना हाताला काहीतरी काम द्या, मटार सोला, लसूण सोला, क्रोशे करा, माझी एक मैत्रीण दुसऱ्या दिवशीची भाजी तेव्हाच निवडते.

पाकिटातल्या खाण्याबद्दल इथेच सांगते, कारण ते रात्रीच निघतं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर तिथेच ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अति-प्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं ताजं शिजवलेलं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. वाढलेल्या जेवणात साखर, मीठ, फॅट, फायबर सारखंच ठेवलेलं होतं. तरीही पाकिटवाल्या आठवड्यांमध्ये माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि तेवढ्यातच वजन एक किलोच्या आसपास वाढलं. २०१९ मध्ये हे छापून आलं. तेव्हा वेफर्सच्या पाकिटात हात घालून "दोनच खाईन" म्हणणं आणि ते न जमणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मोठं पाकीट घरात न आणणं हे त्याच्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. किराणा भरायला भुकेल्या पोटी जाऊ नका, एवढं जरी केलं तरी पुष्कळ.

लाट आली तर तेवढ्या वेळात काय करायचं

पोट भरलेलं आहे, झोप झालेली आहे आणि तरी समोरच्या दुकानातली जिलेबी डोळ्यांपुढून हलत नाही, असंही होतं. डोळ्यांपुढून हलत नाही हे शब्दशः खरं आहे, क्रेव्हिंग म्हणजे बऱ्याच अंशी डोक्यात उभं राहिलेलं चित्र असतं. इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठात संशोधकांनी लोकांना ओढ लागली की तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम खेळायला लावलं आणि ओढीचा जोर साधारण एक-पंचमांश कमी झाला. डोळ्यांना आणि मनाला दुसरं चित्र मिळालं की जिलेबीचं चित्र फिकं होतं. गेमच हवा असं नाही, ठिपक्यांची रांगोळी कागदावर काढून बघा, त्यातही तसंच डोकं गुंततं. एक्सेटर विद्यापीठातल्या अभ्यासात पंधरा मिनिटं भरभर चालल्यावर चॉकलेटची ओढ कमी झालेली दिसली होती. तेव्हा पंधरा मिनिटांचं घड्याळ लावा, खाली एक चक्कर मारून या, आणि तरीही हवीच असेल तर दोन जिलेब्या वाटीत घेऊन, बसून, चवीने खा. हे "तरीही हवी असेल तर" फार महत्त्वाचं आहे. जे कायमचं बंद केलं जातं तेच चोवीस तास आठवत राहतं.

"एक खाल्लाच आहे तर..."

मला विचाराल तर वजनाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि याबद्दल बोललं सगळ्यात कमी जातं. हिशोब करा. एक बेसनलाडू, चांगला तुपातला, दोनशे कॅलरीच्या आसपास. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे एका लाडवाने फार तर पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक पडेल, काट्यावर दिसणारसुद्धा नाही. पण "आजचं डाएट मोडलंच" असं वाटलं की त्याच्यामागून आणखी दोन लाडू, रात्री पावभाजी, शनिवार-रविवार मोकळं आणि मग सोमवार. तो पहिला लाडू बिचारा निर्दोष असतो.

मानसशास्त्रात हे १९७५ पासून माहीत आहे. हर्मन आणि मॅक यांनी काही मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी शेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना. ज्या सतत डाएटवर होत्या त्यांनी शेक प्यायल्यावर उलट *जास्त* खाल्लं. नियम मोडला, मग आता कशाला थांबायचं!

यावर उपाय एकच आणि तो आधी ठरवून ठेवायला लागतो: काहीही झालं तरी पुढचं जेवण नेहमीसारखं. भरपाई म्हणून उपाशी राहायचं नाही, दुसऱ्या दिवशी नुसत्या काकडीवर काढायचं नाही, जास्तीचा व्यायाम शिक्षा म्हणून करायचा नाही. दुपारी बारशाला जेवलात, जिलेबी-मठ्ठा सगळं झालं, तर रात्री वरणभात-भाजी, थोडं कमी, पण वेळेवर आणि ताटात. सोमवारची वाट बघायची नाही. वजन उतरवून टिकवलेल्या ज्या बायका मी जवळून बघितल्यात त्यांच्या आणि बाकीच्यांच्या खाण्यात मला सगळ्यात ठळक फरक हाच दिसतो, लाडू दोघीही खातात, पण एकीचं पुढचं जेवण साधं असतं.

उपास

"एकादशी आणि दुप्पट खाशी" हे आपल्या आज्यांनीच म्हणून ठेवलंय. साबुदाण्याची खिचडी एका माणसाची: कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, २१० कॅलरी. दाण्याचं कूट २५ ग्रॅम, १४०. तूप दीड टेबलस्पून, पावणेदोनशे. थोडा बटाटा, ३५-४०. पावणेसहाशेच्या आसपास गेलो आणि त्यात प्रोटीन फक्त दाण्यांचं. दोन तासांत परत भूक लागते, मग बटाट्याचे वेफर्स, मग राजगिऱ्याचा लाडू. उपास सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही, श्रद्धेचा भाग आहे आणि वर्षानुवर्षं केलेला आहे. खिचडी अर्धी वाटी घ्या, सोबत मोठी वाटी दही किंवा ताक, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ. नाहीतर वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, वरई मोजकी आणि आमटी पातळसर. राजगिऱ्याच्या पिठाची थालीपीठं तव्यावर कमी तुपात छान होतात. आणि संकष्टीला रात्री चंद्रोदयानंतर भुकेने जीव कासावीस झालेला असताना ताटावर बसू नका, संध्याकाळी एक कप दूध किंवा फळ घ्या, मग मोदक दोनावर थांबतात.

आग्रह

"अगं एवढंसं तर आहे, घे गं, एका मोदकाने काय होतंय?" हे प्रेमाने येतं म्हणूनच अवघड. "मी डाएटवर आहे" म्हटलं की लगेच चर्चा सुरू, कोणाच्या जावेने काय केलं, दोन वेळच जेवणारं दीक्षित डाएट चांगलं की दर दोन तासांनी खाणं चांगलं, आणि शेवटी मोदक ताटात पडतोच. त्यापेक्षा वाक्य आधी पाठ करून जा. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलंय की "मी कमी खाईन" असा मोघम निश्चय करण्यापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करेन" असं ठरवून ठेवलेलं जास्त पाळलं जातं. उदाहरणार्थ, हळदीकुंकवाला गेल्यावर कोणी दुसऱ्यांदा वाढायला आलं तर म्हणायचं, "काकू, करंजी इतकी छान झालीये, एक बांधून द्या ना, उद्या चहाबरोबर खाते." कोणाचं मन दुखत नाही, करंजी घरी येते, घरात तीन माणसांत वाटली जाते. ऑफिसात केक कापला तर छोटा तुकडा डिशमध्ये घेऊन आपल्या जागेवर बसून खायचा, टेबलापाशी उभं राहायचं नाही कारण तिथे समोसेही असतात.

घरातल्यांशी मात्र सरळ बोला. नवऱ्याला, सासूबाईंना एकदा शांतपणे सांगा की मला शुगरची किंवा गुडघ्यांची काळजी वाटतेय आणि मला मदत हवी आहे, नेमकी कोणती तेही सांगा, "शनिवारी वडापाव आणाल तेव्हा माझ्यासाठी एकच आणा" इतकं नेमकं. आणि घरातल्या पुरुषांनी हे वाचत असाल तर, बायको डाएटवर आहे म्हणून तिच्या ताटाची चेष्टा करू नका, फार लागतं ते.

काटा हलत नाही आणि मन उठतं

मोटिव्हेशन सगळ्यात जास्त खातो तो वजनकाटा. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीरातला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे भातपोळी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात दोन किलो झरकन उतरतात आणि एका लग्नाच्या जेवणानंतर तितक्याच झरकन परत येतात. ते पाणी आहे. खारट खाल्लं, लोणचं-पापड झाले, पाळी जवळ आली की किलो-दीड किलो इकडेतिकडे होतंच. रोज काट्यावर चढून रोज रडायचं असेल तर चढू नका, आठवड्यातून ठरलेल्या एका सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी चढा आणि महिन्याचे चार आकडे एकत्र बघा. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम चाललंय.

त्याबरोबर कंबर मोजा, शिंप्याकडच्या टेपने, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. आपल्या लोकांसाठी बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० ही मर्यादा धरतात, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की जास्त वजन मानतात, पाश्चात्त्यांसारखा २५ ला नाही. त्यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे आपण दिसायला बारीक असलो तरी पोटात चरबी धरतो. काटा थांबलाय पण टेप दोन सेंटीमीटर आत गेलीये असं खूपदा होतं, विशेषतः व्यायाम सुरू केलेल्यांचं, आणि ते फार चांगलं लक्षण आहे.

आणि ध्येय जरा जवळ आणा. "लग्नाच्या वेळेसारखी दिसायचंय" हे ध्येय वीस किलो लांब असतं, रोज बघून रोज हताश व्हायला होतं. अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम, २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच ध्येय दिलं होतं, आणि डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७५ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पाच किलो. पाच किलो! ज्यांच्या घरी आईवडिलांना शुगर आहे, आणि आपल्याकडे ती बऱ्याच घरांत आहे, त्यांच्यासाठी यापेक्षा मोठं कारण काय असणार.

वजन उतरल्यावरही भूक जास्त लागते, हेही आधीच माहीत असू दे म्हणजे धक्का बसत नाही. मेलबर्नला ५० जणांवर झालेल्या अभ्यासात (२०११) दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर भुकेच्या हार्मोन्समध्ये झालेले बदल वर्षभरानंतरही तसेच होते. म्हणून उतरवायला जे खाणं धरलंय ते आयुष्यभर खाता येईल असंच धरा, उसळ, ताक, भाकरी, भाजी, अधूनमधून लाडू. ज्या खाण्याचा कंटाळा महिनाभरात येणार आहे ते सुरूच करू नका.

इथे थांबून डॉक्टरांना विचारा

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवण टाळणं, उपास, दोन वेळच जेवणं हे काहीही मनाने सुरू करू नका, काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाते आणि घाम, थरथर, प्रचंड भूक ही त्याचीच लक्षणं असतात. ती खा खा नाही, तेव्हा लगेच साखर घ्यायची असते. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर वजन उतरवण्याचं डाएट सध्या नको. नीट खाऊन, चालून, झोपून तीन महिने झाले आणि काहीच फरक नाही तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या, पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचं (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सची गडबड) बघा, स्टिरॉइड किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर त्यानेही भूक आणि वजन वाढतं, पण ती औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत.

आणि जर लपून खाणं होत असेल, थांबताच येत नाही इतकं खाल्लं जात असेल, नंतर मुद्दाम उलटी काढली जात असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जात असतील, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. हा डाएटचा प्रश्न नाही आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि समोरासमोर बोलायचा धीर होत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.